टेंभलीचा नंबर आणि कुलाब्याचा नकाशा

'बंडल' हा शब्द मराठीत तसा बदनामच. पिक्चर बंडल असतो, कंपनीतलं सॉफ्ट स्किल्सचं ट्रेनिंग बंडल असतं, आणि मित्र फेकायला लागला की आपण म्हणतो, "चल, बंडल मारू नकोस." त्यामुळे 'व्हेक्टर बंडल' नावाच्या गोष्टीवर मी वीकेंड घालवतो हे लंचला सांगितलं तेव्हा टीममधले लोक मनसोक्त हसले. हसू देत. पण हसून झाल्यावर एकानं जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर तिथे डब्यावर बसून देता येण्यासारखं नव्हतं. प्रश्न नेहमीचाच. "पण याचा उपयोग काय?"

आज त्याचंच उत्तर लिहायला बसलोय. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटतील :) हा प्रश्न वाईट नाही, पण आपण तो नेमका चुकीच्या माणसांना विचारतो. मुंबई-पुण्याच्या सुस्थितीतल्या घरातल्या पोराला तो कमी विचारला जातो. नंदुरबार, धडगाव, नवापूरच्या पोराला मात्र तो दहावीपासून रोज विचारला जातो, आणि त्याला उत्तर देता आलं नाही की विषय संपतो. माझा राग त्यावर आहे.

आता मुद्द्याकडे, पण जरा लांबच्या रस्त्यानं.

२९ सप्टेंबर २०१० ला आमच्या नंदुरबार जिल्ह्यातलं टेंभली हे गाव एका दिवसासाठी देशभर गाजलं. तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग तिथे आले होते आणि देशातले पहिले आधार क्रमांक तिथे वाटले गेले. मी तेव्हा शाळेत होतो. आमच्या जिल्ह्याचं नाव टीव्हीवर कुपोषण आणि पूर सोडून तिसऱ्याच कारणासाठी येतंय याचंच सगळ्यांना अप्रूप. जिल्हा तरी केवढा जुना? १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला.

आधार म्हणजे काय हे सॉफ्टवेअरवाल्यांना सांगायला नको. प्रत्येक माणसाला एक नंबर, एका माणसाला दोन नाहीत, आणि एका नंबरावर दोन माणसं नाहीत. आडनावाचं स्पेलिंग बदललं, लग्नानंतर नाव बदललं, गाव सुटलं तरी माणूस तोच, म्हणून नंबर तोच. गणितवाले याला 'वर्गीकरण' म्हणतील. वरवर वेगळ्या दिसणाऱ्या पण मुळात एकच असलेल्या गोष्टी ओळखायच्या आणि त्यांना एकच लेबल लावायचं.

पण आधारच्या नंबरात एक गोष्ट मुद्दाम ठेवलेली नाही. त्यात माहिती नाही. नंबर रँडम असतो. माझ्या नंबरात एक मिळवून जो नंबर येईल तो कुणाचा असलाच, तर तो माझा शेजारी असेल किंवा केरळातल्या कुणाचा असेल, काही सांगता येत नाही. प्रायव्हसीच्या दृष्टीनं ते योग्यच आहे. पण लेबलं जवळ असणं आणि माणसं जवळ असणं यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही.

आता दुसरं वर्गीकरण बघा. नंदुरबारच्या मिरचीबद्दल तुम्ही ऐकलं असेलच. सीझनला शहराबाहेर पथाऱ्यांवर लांबच लांब लाल मिरची वाळत पडलेली असते. बाजारात मिरचीला जातीचं नाव असतं, पण मुरलेला व्यापारी फक्त नावावर भाव करत नाही. रंग किती गडद, तिखटपणा किती, हे तो बघतो. समजा आपण एक मोठा कागद घेतला. आडव्या रेघेवर रंग, उभ्या रेघेवर तिखटपणा. प्रत्येक मिरचीला या कागदावर एक जागा मिळाली. आता लेबल म्हणजे नुसता नंबर नाही, लेबल म्हणजे नकाशावरचा बिंदू. जवळजवळ सारख्या मिरच्या जवळजवळच्या बिंदूंवर. एक मिरची हळूहळू वाळत गेली तर तिचा बिंदू कागदावर हळूहळू सरकत जातो, उड्या मारत नाही.

याला गणितात मोड्युलाय स्पेस म्हणतात. थोडक्यात काय, तर एका प्रकारच्या सगळ्या गोष्टींचा असा नकाशा, ज्यावरचा प्रत्येक बिंदू म्हणजे त्यातली एक गोष्ट, आणि गोष्ट थोडी बदलली तर बिंदूही थोडाच हलतो. 'मोड्युलाय' हा शब्द रीमाननं १८५७ सालच्या निबंधात वापरला. तेव्हापासून गणितवाले निरनिराळ्या गोष्टींचे असे नकाशे काढायच्या मागे आहेत.

आणि बंडल? तेही सांगतो. हवामान खात्याचा नकाशा आठवा. प्रत्येक गावावर वाऱ्याचा एक बाण असतो, दिशा आणि जोर दाखवणारा. शहाद्याला असा वारा, तळोद्याला तसा. आता प्रत्यक्ष वारा बाजूला ठेवा आणि असं म्हणा की प्रत्येक गावी जेवढे म्हणून बाण काढणं शक्य आहे ते सगळे तिथे उभे आहेत. प्रत्येक गावाला बाणांचं एक आख्खं भांडार चिकटवलं. ही सगळी भांडारं मिळून जे होतं ते व्हेक्टर बंडल. प्रत्येक भांडारात किती स्वतंत्र दिशा आहेत, तो त्याचा रँक.

यात गंमत कुठे आहे? गंमत जोडण्यात आहे. कमरेचा पट्टा काढा. तो सरळ बकलात अडकवला तर एक कडं होतं. एक अर्धा पीळ देऊन अडकवला तर वेगळंच काहीतरी होतं. छोटा तुकडा बघितला तर दोन्ही पट्टे सारखेच दिसतात. फरक आहे तो पूर्ण चक्कर मारून परत आल्यावरच कळणारा. बंडलाचं तसंच. जवळून सगळी बंडलं सारखी, पण आख्ख्या पृष्ठभागावर ती कशी जोडली आहेत, कुठे किती पीळ आहे, यात सगळा फरक.

पृष्ठभाग कोणता? चेंडू, मेदूवडा, किंवा दोन वडे चिकटून झालेला दोन भोकांचा वडा, आणि असेच पुढे. चेंडूवरच्या बंडलांचा प्रश्न ग्रोथेंडीकनं १९५७ मध्ये निकाली काढला. तिथलं उत्तर फार सोपं आहे, पूर्णांकांची एक यादी पुरते. एका भोकाच्या वड्यावरची बंडलं त्याच वर्षी अटियानं लावून दिली. दोन आणि त्याहून जास्त भोकं आली की मात्र पंचाईत सुरू होते.

पंचाईत अशी. समजा तुम्हाला 'वर्तुळां'चा नकाशा काढायचाय, आणि लहान-मोठं यानं फरक पडत नाही असं ठरवलंय. मग भाकरी, पुरी, पाणीपुरीची पुरी सगळ्यांचं लेबल एकच, 'गोल'. आता पुरी लहान लहान करत न्या. लेबल 'गोल', 'गोल', 'गोल'... आणि शेवटी नुसता ठिपका उरतो. ठिपका म्हणजे वर्तुळ नव्हे, त्याला वेगळं लेबल हवं. म्हणजे वस्तू हळूहळू बदलत होती पण लेबलानं एकदम उडी मारली. नकाशावर दोन वेगळे बिंदू आले, ज्यांच्यातलं अंतर शून्य! असा नकाशा कुणाच्याही कामाचा नाही. बंडलांच्या बाबतीत हे असं जागोजागी होतं.

यावरचा उपाय डेव्हिड ममफर्डनं १९६२ साली स्टॉकहोमच्या आंतरराष्ट्रीय गणित परिषदेत मांडला. सगळ्यांना नकाशावर घ्यायचा हट्ट सोडा, म्हणाला. फक्त 'स्टेबल' बंडलं घ्या. स्टेबल म्हणजे काय तेही आपल्या भाषेत सांगता येतं. प्रत्येक बंडलाला एकूण पीळ असतो, तो एक पूर्णांक असतो. त्याला रँकनं भागा. झाला 'दरडोई पीळ' :) आता बंडलाच्या पोटात जे जे छोटं बंडल सापडेल त्याचा दरडोई पीळ पूर्ण बंडलाच्या दरडोई पिळापेक्षा कमीच असला पाहिजे. ही अट पाळणारं ते स्टेबल.

या अटीचा एक परिणाम दोन मिनिटांत कळतो. समजा एखादं बंडल म्हणजे दोन बंडलं नुसती शेजारीशेजारी ठेवलेली आहेत. मग पूर्ण घराची दरडोई सरासरी ही दोन भागांच्या मधली कुठेतरी येणार. म्हणजे दोघांपैकी एकाची तरी सरासरी घराच्या सरासरीइतकी किंवा जास्त असणारच. अट मोडली. म्हणून स्टेबल बंडलाची वाटणी होऊच शकत नाही. त्यातले भाग एकमेकांत असे गुंतलेले असतात की सुटत नाहीत.

हे सगळं हार्वर्ड, पॅरिस आणि स्टॉकहोममध्ये चाललेलं. आता मुंबईत या.

मुंबईत कुलाब्याला, नेव्ही नगरला, समुद्राच्या काठावर टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च आहे. टीआयएफआर. होमी भाभांनी १९४५ मध्ये सुरू केली, आताच्या इमारतीचं उद्घाटन नेहरूंनी १९६२ मध्ये केलं. तिथे १९५३ साली दोन पोरं दाखल झाली होती. दोघंही १९३२ सालची, दोघंही तमिळ. एम. एस. नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री. नरसिंहन तांडरै नावाच्या खेड्यातल्या शेतीवाल्या वातावरणातून आलेले. शेषाद्रींचा जन्म कांचीपुरमचा. दोघंही मद्रासच्या लोयोला कॉलेजात फादर रासीन या फ्रेंच जेझुइट मास्तरांच्या हाताखाली शिकलेले. या मास्तरांनी आपल्या विद्यार्थ्यांना जुन्या परीक्षार्थी गणितातून बाहेर काढून नव्या फ्रेंच गणिताची ओळख करून दिली. टीआयएफआरमध्ये गणिताचा विभाग के. चंद्रशेखरन यांनी उभा केला. भाभांनी त्यांना प्रिन्स्टनहून बोलावून घेतलं होतं.

या दोघांनी १९६५ मध्ये 'ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स'मध्ये जे सिद्ध केलं त्याला जग नरसिंहन-शेषाद्री प्रमेय म्हणतं. ते काय आहे?

दोन किंवा जास्त भोकांचा वडा घ्या. त्यावरचं एखादं बंडल घ्या, एकूण पीळ शून्य असलेलं. आता एका बिंदूवर उभे राहा, हातात एक बाण घ्या, आणि एका भोकाला वळसा घालून परत जागेवर या. वाटेत बाण 'न फिरवता' न्यायचा, असा नियम आहे. तरी परत आल्यावर बाण फिरलेला असू शकतो. तो किती आणि कसा फिरला याची नोंद करा. ही नोंद म्हणजे एक मॅट्रिक्स, लांबी न बदलणारी, म्हणजे युनिटरी. भोकं जर ग असतील तर मूळ वळसे २ग, म्हणून २ग मॅट्रिक्स. त्यांच्यात फक्त एक अट पाळली जावी लागते, जी वड्याच्या आकारातूनच येते. बस्स. ही झाली नुसत्या चालण्याची नोंदवही.

प्रमेय म्हणतं की ममफर्डची ती दरडोई पिळाची अट पाळणारी बंडलं आणि या नोंदवह्या (ज्यांचे आणखी तुकडे पडत नाहीत अशा) यांच्यात एकास एक जोडी आहे. एकही बंडल जास्त नाही, एकही नोंदवही कमी नाही.

सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर दोन टीम्सनी, एकमेकांशी न बोलता, वेगळ्या रिक्वायरमेंटवर दोन सिस्टिम बनवल्या. एक टीम समीकरणांच्या जगातली, दुसरी वळसे मोजणारी. आणि गो-लाइव्हच्या दिवशी कळलं की दोन्ही डेटाबेसमध्ये रेकॉर्ड टू रेकॉर्ड तेच आहे. आमच्याकडे दोन डेटाबेस रिकन्साइल करताना रात्री जातात हो. त्यामुळे हे वाचलं तेव्हा मला शब्दशः काटा आला.

ज्यांना गणित करून बघायची खोड आहे त्यांच्यासाठी, कागद-पेन घ्या. दोन भोकं, रँक दोन. वळसे चार, म्हणून चार मॅट्रिक्स. २ बाय २ युनिटरी मॅट्रिक्सला चार आकडे मोकळे असतात, एकूण १६. वड्याच्या अटीनं ३ गेले. पहिला बाण कुठल्या दिशेनं धरायचा यावर उत्तर अवलंबून नको, म्हणून आणखी ३ गेले. उरले १०. हे रिअल आकडे, म्हणजे ५ कॉम्प्लेक्स. आता समीकरणवाल्यांचा फॉर्म्युला: रँकचा वर्ग गुणिले (भोकं वजा एक) अधिक एक. चार गुणिले एक अधिक एक, पाच! दोन वेगळ्या रस्त्यांनी तोच आकडा. हे म्हणजे प्रमेयाची सिद्धता नव्हे, पण स्टेशन बरोबर आलंय हे कळायला पुरेसं.

पुढची कथा लांब आहे, मोजकंच सांगतो. नरसिंहन आणि एस. रामनन यांनी १९६९ मध्ये दोन भोकांच्या वड्यावरच्या रँक दोनच्या बंडलांचा नकाशा प्रत्यक्ष काढून दाखवला. ठरावीक बंधन घातल्यावर तो चक्क तीन मितींची प्रोजेक्टिव्ह स्पेस निघाला. १९८३ मध्ये डोनाल्डसननं नरसिंहन-शेषाद्री प्रमेयाची नवी सिद्धता दिली, तीही भौतिकशास्त्रातल्या यांग-मिल्स सिद्धांताच्या अंगानं. १९८७ मध्ये हिचिननं बंडलाबरोबर आणखी एक वस्तू जोडून नवा विषय उघडला. टीआयएफआरच्याच नितीन नित्सुरे यांनी अशा जोड्यांच्या मोड्युलाय स्पेसची बीजगणिती बांधणी १९९१ मध्ये करून दिली. आणि हिचिनच्या या कल्पनेचा आधार घेऊन ज्यानं 'फंडामेंटल लेमा' सिद्ध केला त्या न्गो बाओ चाऊला फील्ड्स मेडल मिळालं ते ऑगस्ट २०१० मध्ये, हैदराबादला. टेंभलीच्या कार्यक्रमाच्या जेमतेम दीड महिना आधी! आमच्या शाळेत टेंभलीची चर्चा झाली. हैदराबादची अर्थातच नाही.

१९६७-६८ मध्ये खुद्द ममफर्ड टीआयएफआरमध्ये येऊन राहिला होता. तिथल्या त्याच्या व्याख्यानांचं पुस्तक झालं, 'अबेलियन व्हरायटीज', ते जगभर वाचलं जातं आणि ते टीआयएफआरनंच काढलं. १९६८ च्या जानेवारीत बीजभूमितीची आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईत भरली तेव्हा ग्रोथेंडीक आला होता. जगातलं सगळ्यात चांगलं गणित ज्या मोजक्या जागी चालू होतं त्यातली एक आपल्या राज्याच्या राजधानीत होती. आणि आपण? आपल्याला कुलाबा म्हटलं की कॉजवेवरची खरेदी आठवते.

असो. आता मूळ प्रश्न. उपयोग काय?

एक सोपं उत्तर माझ्याकडे तयार आहे. तुमच्या आधार क्रमांकाचा बारावा अंक फक्त चेकिंगसाठी असतो. नंबर टाइप करताना एक अंक चुकला, किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर तो अंक जुळत नाही आणि चूक पकडली जाते. ही पद्धत व्हेरहॉफ नावाच्या डच गणितज्ञानं १९६९ मध्ये मांडली. तिच्या पोटात काय आहे? पंचकोन. पंचकोन फिरवायच्या आणि उलटा करायच्या मिळून दहा रीती असतात, दहा अंकांना त्या दहा रीती. आधी फिरवून मग उलटा केला आणि आधी उलटा करून मग फिरवला तर उत्तर वेगळं येतं. क्रमानं फरक पडतो, म्हणूनच अंकांची अदलाबदल लपत नाही. म्हणजे एकेकाळचं 'निरुपयोगी' ग्रुप थिअरी आज प्रत्येकाच्या पाकिटात आहे. टाळ्या!

पण खरं सांगू? हे उत्तर द्यायला मला आवडत नाही. त्यातून असं वाटतं की गणित म्हणजे लॉटरीचं तिकीट, कधीतरी लागेल म्हणून काढून ठेवायचं. मग ज्याची लॉटरी लागली नाही ते कमी दर्जाचं का? नरसिंहन-शेषाद्री प्रमेयावर कुठलंही ॲप चालत नाही. उद्या चालेल की नाही, मला काय फरक पडतो. दोन जगं तंतोतंत एकच आहेत हे खरं आहे, ते कुणालातरी दिसलं, आणि ते दिसायला दोन माणसांना काही वर्षं डोकं खपवावं लागलं. माझ्यासाठी इतकं पुरे आहे. आपण वारीला, नाटकाला, सचिनच्या स्ट्रेट ड्राइव्हला कधी 'उपयोग काय' विचारत नाही.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहितोय ते. माझा मावसभाऊ नंदुरबारला असतो. यंदा बारावी झाला. गणितात नुसते मार्क नाहीत, त्याला ते खरंच येतं. दिलेल्या रीतीनं न करता दुसऱ्या रीतीनं करून बघायची खोड आहे त्याला. त्याला बी.एस्सी. मॅथ्स करायचंय. घरात सुतक असल्यासारखं वातावरण. मावशीचा मला फोन: "तूच समजाड त्याले, तुन्हं आयकस तो." आमच्याकडे बी.एस्सी. म्हणजे इंजिनीअरिंगला नंबर लागला नाही म्हणून घेतलेली गोष्ट. आणि समजावायला मी योग्य माणूस, कारण मी इंजिनीअर झालो, पुण्यात लागलो, घराला स्लॅब पडला.

मावशीची काळजी मला खोटी वाटत नाही. कोरडवाहू शेती, एका पगारावर चाललेलं घर, मागे बहिणीचं शिक्षण. मुंबईतल्या डॉक्टरच्या मुलानं गणित घेतलं आणि नाही जमलं, तर त्याला परत फिरायला रस्ता आहे. आमच्याकडे परतीचा रस्ता अरुंद आहे. शिवाय शुद्ध गणितात नोकऱ्या मोजक्या, स्पर्धा जगाशी, आणि तिशीपर्यंत 'सेटल' हा शब्द विसरायचा. हे लपवून कुणाला या वाटेला लावणं म्हणजे शुद्ध फसवणूक.

पण मावशीच्या हिशोबात काही आकडे धरलेलेच नाहीत. पहिला म्हणजे, टीआयएफआरसारख्या ठिकाणी पीएचडीला तुम्ही पैसे भरत नाही, ते तुम्हाला फेलोशिप देतात. हे आमच्या नात्यात एकालाही माहीत नव्हतं. दुसरा, बी.एस्सी. म्हणजे फक्त जवळचं कॉलेज नव्हे. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट आहे, तीच शेषाद्रींनी उभी केली. बंगळुरूला इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचा बी.मॅथ. आहे. पुण्यात २००६ पासून आयसर आहे. सगळीकडे प्रवेश परीक्षा, डोनेशनची भानगड नाही. तिसरा, पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे, १९७६ मध्ये श्रीराम अभ्यंकरांनी स्थापन केलेलं. अभ्यंकर म्हणजे ग्वाल्हेरच्या मराठी घरातला मुलगा, हार्वर्डला झरिस्कींकडे पीएचडी, बीजभूमितीतलं जगन्मान्य नाव. मराठी माणसाला या विषयात जागा नाही असं म्हणायची सोयच त्यांनी ठेवलेली नाही. चौथा, गणितात घोटलेलं डोकं उपाशी राहत नाही. संशोधन नाही जमलं तर आमच्या धंद्यात अशी माणसं हातोहात उचलतात. माझ्या ऑफिसातल्या सगळ्यात अवघड बग्जवर शेवटी जिला बोलावतात ती मॅथ्सची एम.एस्सी. आहे.

आणि शेवटचं, जे फोनवर मावशीला नीट सांगता आलं नाही म्हणून इथे लिहितो. 'आपल्यासारख्यांनी उपयोगाचंच शिकावं' हे वाक्य मला डाचतं. वरवर ते शहाणपणाचं आहे. पण त्याचा अर्थ असा होतो की नंदुरबारच्या पोरानं नोकरीपुरतं शिकायचं आणि जगातल्या सुंदर गोष्टी दुसऱ्यांच्या पोरांसाठी सोडून द्यायच्या. रस्ते नाहीत, दवाखाने लांब, हे आम्हाला माहीत आहे, त्यावर निदान मोर्चे तरी निघतात. कुठला विचार आपल्यासाठी नाही हे मात्र आपण घरातच, प्रेमानं, ठरवून टाकतो. त्यावर कुठला मोर्चा काढणार?

त्याच्या बाजूनं मी उभा आहे असं मावशीला सांगितलंय. मावशी दोन आठवडे बोलत नाहीये. काकांनी मात्र विचारलं, "फेलोशिप म्हणजे पगार ना रे?" मी म्हटलं, तसंच समजा.

माझ्या पिढीच्या आयटीवाल्यांना एकच सांगायचंय. छोट्या गावांतून आलेल्या आपल्या घरांमध्ये आज आपला शब्द चालतो. पैसे आपण पाठवतो म्हणून चालतो, हे कडू असलं तरी खरं आहे. तो शब्द दर वेळी "कॉम्प्युटर घे" असाच खर्च करायला पाहिजे असं नाही. नात्यात, गल्लीत एखादं पोर खरंच गणितात रमत असेल तर त्याला या संस्थांची नावं सांगा, प्रवेश परीक्षेच्या तारखा काढून द्या, फॉर्मची फी भरा, परीक्षेला जायचं तिकीट काढून द्या. घरच्यांशी एकदा तुम्ही बोला. टीआयएफआरच्या जुन्या व्याख्यानांच्या नोट्स नेटवर फुकट मिळतात, त्यातलं पहिलं पान कळलं नाही तरी चालेल, ते पान त्याला दाखवा. त्याला ते आवडलं नाही तर इंजिनीअरिंग कुठे पळून जात नाही. आवडलं, तर मात्र त्याला 'उपयोग काय' असं विचारणाऱ्यांच्या रांगेत तुम्ही उभे राहू नका. ती रांग आधीच फार लांब आहे.

बरंच लांबलं आज. आणि यातलं एकही वाक्य बंडल नाही :)